‘क्युसेक’ : एका इंग्रजी शब्दाचा अर्थ व उपयोग

पावसाळा अर्धा उलटला कीं गोदाकांठच्या आमच्या विष्णुपुरींत एक इंग्रजी शब्द लहानथोरांच्या तोंडीं खेळूं लागतो. तो शब्द म्हणजे ‘क्युसेक’. धरणाचे इतके दरवाजे उघडले, इतक्या हजार क्युसेकचा विसर्ग चालू आहे, कांठच्या गांवांनीं सावध राहावें, अशी वर्दी दवंडीनें येते, वर्तमानपत्रांत येते, आणि आतां खिशांतल्या फोनवरही येते. शब्द सर्वांस पाठ आहे. अर्थ मात्र फार थोड्यांस ठाऊक आहे असें आमच्या अनुभवास आलें, व त्या अज्ञानाची किंमत कशी मोजावी लागते हेंही आम्हीं जवळून पाहिलें. सबब हा लेख.

गोष्ट आमच्या शेजारच्याच एका बागाईतदाराची आहे. वयानें वडील म्हणून आम्ही त्यांस तात्या म्हणतों. नदीच्या उतारावर त्यांची मोटार बसविलेली. एका श्रावणांत वीस हजार क्युसेकची वर्दी आली. पाणी चढलें, परंतु मोटारीच्या खालींच राहिलें. दुसऱ्या दिवशीं सायंकाळीं विसर्ग वाढवून तीस हजार केल्याचें कळलें. तात्यांनीं मनाशीं हिशेब केला तो असा : कालचें वीस हजार तर वाहून गेलें, आतांचें तीस हजारही रात्रींतून वाहून जाईल आणि सकाळीं नदी मोकळी होईल. मग अंधारांत गडी कशाला बोलवावे? सकाळीं पाहतात तों मोटार पाण्याखालीं, स्टार्टरची पेटीही पाण्याखालीं. तिसऱ्या दिवशीं ते आमच्या ओट्यावर येऊन बसले आणि म्हणाले, “गुरुजी, हें तीस हजार संपतं तरी कधीं हो?”

प्रश्न मोठा मार्मिक होता. तात्यांस आंकडा बरोबर ठाऊक होता, धरण ठाऊक होतें, नदी तर जन्मापासून ठाऊक होती. चुकला तो एका शब्दाचा अर्थ. तीस हजार पोतीं गाड्यांतून उतरलीं कीं काम संपलें, तसें तीस हजार क्युसेक उतरले कीं पूर संपला, अशी त्यांची समजूत होती.

हा शब्द मुळांत अखंड नाहीं. ‘क्युबिक फूट पर सेकंद’ एवढा लांब शब्दसमूह कचेरींतल्या कागदांवर वारंवार लिहिण्याचा कंटाळा येऊन त्यांतील पहिल्या आणि शेवटच्या शब्दांचीं केवळ डोकीं ठेविलीं, आणि ‘क्यू’ व ‘सेक’ जोडून क्युसेक झाला. मधला फूट लिहिण्यांतून गळाला. अर्थांतून मात्र गळाला नाहीं. हिंदुस्थानांतील कालव्यांच्या खात्यांत हा शब्द इतका रुळला कीं तो आम्हांस आमचाच वाटूं लागला. अमेरिकेंत याच मापास सेकंड-फूट किंवा सी. एफ. एस. म्हणतात.

‘क्युबिक’ हें ‘क्यूब’चें विशेषण. क्यूब शब्द ग्रीक भाषेंतला असून त्याचा मूळ अर्थ जुगाराचा फासा असा आहे. लांबी, रुंदी, उंची तिन्ही सारख्या असलेला तो फासा. त्यासच आपण घन म्हणतों. फुटाची प्रत्येक बाजू घेतली कीं घनफूट झाला. ‘सेकंद’ची कुळकथा याहून गमतीची आहे. इंग्रजींत सेकंद म्हणजे दुसरा. तासाचे साठ बारीक भाग केले ती पहिली वाटणी, तिचें नांव मिनिट. मिनिटाचे पुन्हां साठ केले ती दुसरी वाटणी, म्हणून सेकंद. हीं दोन्ही नांवें लॅटिन भाषेंतून आलीं.

तेव्हां क्युसेक म्हणजे दर सेकंदास एक घनफूट पाणी. फूटभर लांब, फूटभर रुंद व फूटभर खोल असा खड्डा खणला तर त्यांत २८.३ लिटर पाणी मावेल. वीस लिटरच्या बादलीनें दीड बादलीस थोडें कमी. भिंतीवरच्या घड्याळाचा बारीक कांटा एक घर सरकतो तेवढ्या अवकाशांत इतकें पाणी आपल्या डोळ्यांसमोरून पुढें गेलें, लागलीच दुसऱ्या घरास पुन्हां तितकेंच गेलें, आणि हें असेंच चालू राहिलें, तर तो प्रवाह एक क्युसेकचा समजावा. आपल्या विहिरीच्या पंपानें वीस लिटरची बादली पांच सेकंदांत भरत असेल तर तसे सात पंप एकाच चारींत सोडल्यावर एक क्युसेक होतो.

येथपर्यंत शब्दाची फोड झाली. खरी मेख पुढेंच आहे. शेतकऱ्यास व्याज चांगलें ठाऊक असतें. सावकारानें ‘दरमहा शेकडा दोन’ म्हटलें, एवढ्यावरून देणें किती झालें हें सांगतां येत नाहीं. महिने किती लोटले हें विचारावें लागतें. शेकडा दोन हा दर झाला. महिन्यांनीं गुणल्यावर निघेल ती रक्कम. क्युसेकही तसाच दर आहे, रक्कम नव्हे. धरणाचे दरवाजे जोंवर तेवढेच उघडे आहेत तोंवर तीस हजार घनफूट या सेकंदास जाणार, पुढच्या सेकंदासही जाणार, रात्रभर जाणार. तें संपत नाहीं. कोणी दरवाजा खालीं करील तेव्हां कमी होतें. आम्हीं तात्यांस म्हटलें, “तात्या, तुम्ही ‘संपतं कधीं’ म्हणून विचारतां; विचारावयाचें होतें ‘चालणार कुठवर’ म्हणून.”

त्यांना आंकडा डोळ्यांसमोर उभा राहीना, तेव्हां त्यांच्याच विहिरीचा दाखला दिला. वीस फूट व्यासाची गोल विहीर, तींत वीस फूट पाणी. तें सुमारें ६,२८० घनफूट भरतें. एक क्युसेकची धार तींत सोडली तर रिकामी विहीर पावणेदोन तासांत तेवढी भरेल. तीस हजार क्युसेकनें अशा पावणेपांच विहिरी एका सेकंदांत भरतात. तात्या कांहीं वेळ बोललेच नाहींत.

नदीचें राहूं द्या, शेतांतल्या चारीकडे वळूं. या शब्दाचा रोजचा उपयोग तेथेंच आहे. आपला एकर ४० गुंठ्यांचा, गुंठा ३३ फूट लांब व ३३ फूट रुंद, म्हणजे १,०८९ चौरस फुटांचा. एकराचे ४३,५६० चौरस फूट झाले. त्यावर एक इंच उंच पाणी उभें करावयास ३,६३० घनफूट पाणी लागतें. तासाचे सेकंद ३,६००. म्हणजे एक क्युसेकची चारी एक तास चालली कीं एका एकरावर इंचभर पाणी झालें. राहिलेल्या तीस घनफुटांचा फरक सोडून द्यावा. हें कोणीं योजून केलेलें नाहीं, मापांचा निव्वळ योगायोग आहे; पण शेतकऱ्याच्या इतका कामाचा योगायोग आम्हांस दुसरा माहीत नाहीं. देशांत दशमान मापें आलीं तरी एकर, गुंठा व क्युसेक हे तिघे आपल्याकडे टिकून राहिले, त्यांत या सोईचाही वांटा असावा.

आतां समजा गव्हास एका पाळीस तीन इंच पाणी द्यावयाचें आहे. एक क्युसेक असल्यास एकरास तीन तास लागतील, बारा तासांत चार एकर निघतील. चारी कच्ची असून चौथाई पाणी वाटेंत मुरत असेल तर तीनच एकर निघतील. आणि चारींत क्युसेकच्या ऐवजीं अर्धाच क्युसेक येत असेल, तर त्याच बारा तासांत दीड एकर. पाळी बारा तासांचीच, पाणीपट्टीही तीच, दारे धरणारा गडीही रात्रभर जागलेला. येथें तात्यांच्या चुकीची उलट बाजू दिसते. त्यांनीं आंकडा ऐकला आणि घड्याळ विसरले. पाटाचा शेतकरी घड्याळ पाहतो आणि आंकडा विचारीत नाहीं. ‘आम्हांस बारा तास पाणी मिळालें’ एवढ्या बोलण्यानें कांहींच सिद्ध होत नाहीं. टोकाच्या शेतकऱ्याची तक्रार पुष्कळदां येथेंच लंगडी पडते : पाणी कमी आलें हें त्यास दिसतें, परंतु किती कमी आलें हें सांगतां येत नाहीं.

विष्णुपुरीच्या प्रकल्पास तर हें विशेष लागू आहे. डॉ. शंकरराव चव्हाण यांचें नांव असलेला हा प्रकल्प उपसा सिंचनाचा आहे. गोदावरींत अडविलेलें पाणी आपोआप कालव्यांत उतरत नाहीं, तें पंपांनीं उचलून वर टाकावें लागतें. पंप किती चालू आहेत व वीज किती तास आहे यांवर कालव्यांतले क्युसेक ठरतात. सकाळचा प्रवाह पाहून सायंकाळचा अंदाज बांधणें येथें धोक्याचें आहे.

सन २००५ मध्यें महाराष्ट्रांत सिंचनाचें व्यवस्थापन शेतकऱ्यांकडे देण्याचा कायदा झाला. त्या अन्वयें पाणीवापर संस्थेस पाणी घनमापनानें, म्हणजे मोजून द्यावयाचें आहे. मोजून घेणाऱ्यास माप कळलें पाहिजे हें उघड आहे. दूध घालणारा मापाकडे पाहतो तसें पाण्याच्या मापाकडे पाहिलें पाहिजे. त्यासाठीं चारीच्या मुखाशीं मध्यें अरुंद गळा असलेली पक्की नाळी बांधतात. तिचा एक प्रसिद्ध प्रकार अमेरिकन इंजिनियर राल्फ पार्शल यांनीं १९२० च्या दशकांत सिद्ध केला, म्हणून तीस पार्शल फ्लूम म्हणतात. गळ्याच्या अलीकडे पाणी पट्टीवर किती उंच चढलें तें वाचावें आणि कोष्टकांत पाहून क्युसेक काढावे, इतकें तें सोपें आहे. मात्र नाळींत गाळ बसला असेल किंवा पट्टीवरचे आंकडे पुसले असतील तर माप खोटें ठरतें.

नाळी नसेल तेथें शेतकऱ्यास स्वतःच अदमास काढतां येईल. चारीचा सरळ, सारख्या रुंदीचा तीस फूट तुकडा पाहावा व दोन्ही टोकांस काठी रोवावी. वरच्या काठीच्या थोडें आधीं ज्वारीच्या ताटाचा कांडा किंवा सुकी शेंग पाण्यांत टाकावी आणि दोन काठ्यांमधलें अंतर तोडावयास किती सेकंद लागतात तें मोजावें. असें तीन-चार वेळां करून सरासरी घ्यावी. समजा पंचवीस सेकंद लागले. तर पृष्ठभागावरच्या पाण्याचा वेग सेकंदास १.२ फूट झाला. तळाशीं व कडेला पाणी मंद चालतें, म्हणून या वेगाचे वीस भाग करून सतराच धरावे, १.०२ फूट उरतात. चारी दोन फूट रुंद व तींत पाणी अर्धा फूट खोल असल्यास तोंडाचें क्षेत्र एक चौरस फूट. दोहोंचा गुणाकार १.०२, म्हणजे तुमच्या चारींत एक क्युसेक आहे. ज्यास ही रीत एकदां साधली त्यास पाटकऱ्याशीं हुज्जत घालावी लागत नाहीं. तो आंकडा बोलतो. आमचा अनुभव असा कीं पाटकरीही आंकड्यास मान देतो.

क्युसेकच्या बरोबरीनें आणखी एक नांव कानावर येतें, तें टी. एम. सी. याच्यांत व क्युसेकमध्यें लोक सर्रास घोळ करतात. टी. एम. सी. म्हणजे थाउजंड मिलियन क्युबिक फीट, अर्थात् शंभर कोटी घनफूट. पाहा, यांत सेकंदाचा मागमूसही नाहीं. ही रक्कम आहे, दर नव्हे, मुद्दल म्हणा. सरकारी कागदांत दलघमी असाही शब्द येतो, त्याचा उलगडा दशलक्ष घनमीटर असा आहे, तीही रक्कमच. एक टी. एम. सी. म्हणजे २८.३ दलघमी. दर आणि रक्कम यांची गांठ घड्याळानें पडते. दिवसाचे सेकंद ८६,४००. म्हणून ११,५७४ क्युसेकचा प्रवाह एक अहोरात्र चालला तर एक टी. एम. सी. पाणी गेलें. साडेअकरा हजार एवढें ध्यानांत ठेविलें तरी चालेल.

ही गांठ कळली म्हणजे पुष्कळ वाद आपोआप निवळतात. पैठणच्या जायकवाडी धरणाची पायाभरणी लालबहादुर शास्त्री यांच्या हस्तें १९६५ सालीं झाली व उद्घाटन इंदिरा गांधी यांच्या हस्तें १९७६ सालीं. त्या नाथसागरांत एकूण सुमारें १०२ टी. एम. सी. पाणी मावतें, त्यांतील सुमारें ७६ उपयोगाचें. आमच्या विष्णुपुरीच्या शंकरसागराची पोंच सुमारें ८० दलघमी, म्हणजे तीन टी. एम. सी. देखील नाहीं. ऑगस्ट २००६ मध्यें जायकवाडींतून सुमारें अडीच लाख क्युसेक पाणी सोडावें लागलें होतें. आतां गणित करा. अडीच लाख क्युसेक अहोरात्र चालले तर साडेएकवीस टी. एम. सी. होतात, तासाला जवळजवळ एक टी. एम. सी. त्या दरानें विष्णुपुरीचा सबंध जलाशय रिकामा असता तरी तीन-सवातीन तासांत कांठोकांठ भरला असता, आणि ऐन पावसाळ्यांत तो रिकामा नसतोच. शिवाय वाटेंत सिंदफणा व पूर्णा आपलें पाणी आणून घालतात तें वेगळेंच. ‘विष्णुपुरीनें पाणी धरून कां ठेविलें नाहीं’ असें जे विचारतात त्यांनीं एवढा हिशेब करून पाहावा. वर्दी वेळेवर आली कीं नाहीं, दरवाजे आधींच थोडे थोडे उघडतां आले असते कीं नाहीं, याविषयीं तक्रार करण्यास जागा असूं शकते, आणि ती जरूर करावी. परंतु घागरींत ओढा कां मावला नाहीं, ही तक्रार करण्यांत अर्थ नाहीं.

न्यायालयांच्या निकालांतही कोठें दर व कोठें रक्कम हें पाहण्यासारखें असतें. धर्माबाद तालुक्यांतील बाभळी बंधाऱ्याविषयीं सर्वोच्च न्यायालयानें २८ फेब्रुवारी २०१३ रोजीं निकाल दिला. १ जुलै ते २८ ऑक्टोबर दरवाजे वर उचललेले ठेवावयाचे आणि दरसाल १ मार्च रोजीं ०.६ टी. एम. सी. पाणी खालीं श्रीरामसागराकडे सोडावयाचें, असें त्यांत ठरलें. येथें ०.६ ही रक्कम दिली आहे. ती एका दिवसांत द्यावयाची तर सुमारें सात हजार क्युसेकनें सोडावी लागेल, दोन दिवसांत दिल्यास साडेतीन हजारांनीं. निकालांत टी. एम. सी.च्या जागीं क्युसेक लिहिलें असतें व काल लिहिला नसता, तर दोन राज्यांस भांडावयास पुन्हां एक विषय मिळाला असता.

बोलण्यालिहिण्यांतल्या कांहीं चुका येथें सांगून टाकतों. ‘तीस हजार क्युसेक प्रति सेकंद’ असें छापील मजकुरांतही आढळतें. क्युसेकच्या पोटांत सेकंद आहेच, पुन्हां बाहेर कशाला? ‘दररोज दर दिवशीं’ म्हणण्यापैकींच तें आहे. ‘धरणांत पन्नास हजार क्युसेक पाणी आहे’ हें अगदींच चूक. धरणांत साठा असतो, आणि साठ्यास टी. एम. सी. किंवा दलघमी लावावें. धरणांत येणाऱ्या किंवा धरणांतून जाणाऱ्या पाण्यास मात्र क्युसेक चालतो. कोणी ‘क्युसेक्स’ म्हणतात. तो इंग्रजी अनेकवचनाचा प्रत्यय आहे, मराठींत त्याची गरज नाहीं. आपण ‘दहा फूट’ म्हणतों, ‘दहा फीट’ म्हणत नाहीं. क्युमेक हा क्युसेकचा भाऊबंद घनमीटरांचा आहे व तो पस्तीस क्युसेकहून किंचित् मोठा आहे. एक अक्षर इकडचें तिकडे झालें तर पूर पस्तीसपट होतो, हें वर्दी पुढें कळविणाऱ्यानें ध्यानांत धरावें. राहतां राहिला ‘विसर्ग’. शाळेंत आम्हीं तो अक्षरापुढच्या दोन टिंबांचा म्हणून शिकलों. पाटबंधारे खात्यानें त्यास सोडलेल्या पाण्याचा अर्थ दिला. मूळ संस्कृत अर्थ सोडणें असाच असल्यामुळें खात्याचें कांहीं चुकलें नाहीं.

एक गोष्ट क्युसेक सांगत नाहीं, ती पाण्याची उंची. तेच तीस हजार क्युसेक रुंद पात्रांत पसरून चालतात आणि अरुंद जागीं चढतात. खालच्या अंगास पाणी तुंबलें असेल तर त्याच आंकड्यास नदी अधिक वर येते. नांदेडच्या पुलाजवळ पाण्याची पातळी समुद्रसपाटीपासूनच्या मीटरांत सांगतात ती याचसाठीं. परंतु पुलाजवळची पातळी आपल्या बांधास लागू पडत नाहीं. आपल्या बांधाची खूण आपणच ठेवावी लागते. म्हणून वर्दी आली कीं क्युसेक किती, किती वाजल्यापासून, आणि पुढें वाढणार कीं उतरणार, एवढें विचारून घ्यावें, व आपल्या कांठाकडे पाहावें.

तात्यांनीं नवी मोटार घेतली ती बारा फूट वर बसविली. मोटारघराच्या भिंतीवर त्यांनीं कोळशानें तीन रकाने आखले आहेत. पहिल्यांत क्युसेक लिहितात, दुसऱ्यांत वाजले किती तें, आणि तिसऱ्यांत त्या वेळीं पाणी घाटाच्या कितव्या पायरीला लागलें तें. गेल्या पावसाळ्यांत तो रकाना चौदाव्या पायरीपर्यंत भरला होता. सतराव्या पायरीपुढें त्यांनीं नुसती रेघ ओढून ‘मोटार काढणे’ असें लिहून ठेविलें आहे.